थिअरी करणाऱ्या कणभौतिकीतज्ज्ञाचं काम पेपरांच्या यादीतून कसं वाचायचं?

जोडाक्षर

नमस्कार मंडळी. आमच्या विज्ञान त्रैमासिकासाठी निवृत्तीला आलेल्या एका सैद्धांतिक कणभौतिकीतज्ज्ञ बाईंवर लेख लिहायचं काम माझ्याकडे आलंय. त्यांना न विचारता हा धागा काढतेय, म्हणून नाव देत नाही. माझं शिक्षण रसायनशास्त्रातलं, त्यामुळे पेपर, जर्नल, सायटेशन वगैरे प्रकार नवे नाहीत. तरीही इन्स्पायरवर (कणभौतिकीच्या पेपरांची यादी ठेवणारी साइट) त्यांचं पान उघडलं आणि पार गोंधळले.

पहिली गोष्ट म्हणजे त्या फारशा कुठे पहिल्या लेखिका नाहीत. आमच्याकडे ज्याने राबून काम केलं त्याचं नाव पहिलं आणि ज्याची लॅब त्याचं शेवटचं. इथे त्या कधी मधे, कधी टोकाला. मग त्यांचा वाटा किती हे कळायचं कसं? दुसरं, बरेच पेपर नुसते आर्काइव्हवर (छापून येण्याआधी पेपर टाकायची साइट) आहेत, जर्नलचा पत्ता नाही. ते धरायचे की सोडायचे? तिसरं म्हणजे सायटेशनचा उतार फारच तीव्र आहे. वरचे दोन पेपरच एकूण आकड्याचा मोठा वाटा खाऊन टाकतात आणि त्यातला एक तर रिव्ह्यू आहे. ऐंशीच्या दशकातल्या एका छोट्या पेपरला वीसेक वर्षं कुणी विचारलं नाही, आणि मग एकाएकी त्याची दरवर्षी दखल घेतली जायला लागली.

फोनवर त्यांना विचारलं, तुमचा आवडता पेपर कुठला? त्यांनी तिसराच सांगितला, यादीत पार तळाला असलेला. का, विचारलं तर म्हणाल्या, "तो बरोबर आहे." आणि हसायला लागल्या.

संपादकांना लेखासोबत एक चौकट हवी आहे. एकूण पेपर, एच-इंडेक्स (निदान ‘एच’ सायटेशन असलेले ‘एच’ पेपर, तो आकडा), ‘जगात अमुक क्रमांक’ असलं काहीतरी. मला ती टाकायची नाही, पण तिच्या जागी काय टाकायचं तेही सुचत नाही. या क्षेत्रातल्या कुणी वाट दाखवली तर फार बरं होईल. गणित चालेल, पण बेताने.


न्यूट्रिनोवाला

चौकट नकोच. मी प्रयोगाच्या बाजूचा माणूस. माझ्या नावावर शेकड्यांनी पेपर आहेत आणि त्यातले काही मी स्वतः छापून आल्यावर वाचलेत. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी या टक्करयंत्रावरच्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर जो पेपर काढला त्याला ५१५४ लेखक आहेत. एकूण पानं ३३, त्यातलं भौतिकशास्त्र ९ पानांत संपतं, बाकी नावं आणि संस्था. त्यातल्या कुणाचाही एच-इंडेक्स तुमच्या बाईंच्या शेजारी ठेवलात तर बाई बिचाऱ्या बारीक दिसतील. दोन्हीकडे ‘कणभौतिकी’ लिहिलेलं असलं तरी पेपर या वस्तूचा अर्थच दोन्हीकडे वेगळा आहे.

थिअरीवाल्यांचा प्रभाव आम्हाला कसा दिसतो त्याचं एक उदाहरण. १९७४ साली हॉवर्ड जॉर्जाय आणि शेल्डन ग्लॅशो यांनी एसयू(५) नावाची महाएकीकरणाची कल्पना मांडली. तिच्यातून निघालं की प्रोटॉन कायमचा नाही, साधारण एकावर तीस शून्यं इतक्या वर्षांनी तो मोडेल. इतकी वर्षं थांबणं शक्य नाही, पण तितके प्रोटॉन एका जागी गोळा करणं शक्य आहे, म्हणजे हजारो टन पाणी. त्यासाठी अमेरिकेत मिठाच्या खाणीत आयएमबी आणि जपानमध्ये कामिओकाच्या खाणीत कामिओकांडे अशा प्रचंड टाक्या बांधल्या गेल्या. प्रोटॉन काही मोडला नाही. एसयू(५) चं साधं रूप बाद झालं. पण २३ फेब्रुवारी १९८७ रोजी जवळच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो (क्वचितच कशाला धडकणारे फार हलके कण) याच टाक्यांनी पकडले. दोन्ही मिळून जेमतेम वीस! पुढे कामिओकाच्याच खाणीत मोठी ५० हजार टनांची सुपर-कामिओकांडे आली आणि १९९८ मध्ये तिने न्यूट्रिनो रूप बदलतात हे दाखवलं, म्हणजे त्यांना वस्तुमान आहे. २००२ आणि २०१५ ची नोबेलं या पाण्यातून निघालेली आहेत.

आता सांगा, जॉर्जाय-ग्लॅशो पेपर चूक की बरोबर? मी आयुष्यभर जे करतोय ते त्या ‘चुकीच्या’ पेपरच्या कृपेने. थिअरीवाले सविस्तर लिहितीलच.


लूपबाहेर

आधी सोपं उरकतो.

नावांचा क्रम: आमच्याकडे वर्णमालेप्रमाणे. बस. बाईंचं आडनाव ‘एस’ने सुरू होत असेल तर त्या जन्मभर शेवटी. क्रमावरून वाटा कळत नाही, कळू नये अशीच पद्धत आहे. दोघातिघांचे पेपर असतात, आतल्या वर्तुळात सगळ्यांना माहीत असतं कुणी काय केलं, बाहेरच्याला विचारावंच लागतं. तुम्ही विचारा. लोक हौसेने सांगतात.

आर्काइव्ह: ते पेपर बेधडक धरा. पॉल गिन्सपार्गने १९९१ च्या ऑगस्टमध्ये हे सुरू केलं ते आमच्याच लोकांसाठी, आणि तेव्हापासून सकाळी उठून नवी यादी बघणे हा आमचा नित्यनेम आहे. जर्नल म्हणजे नंतर बसणारा शिक्का. पोस्टडॉक अर्जापुरता तो लागतो. नोकरी पक्की झालेली ज्येष्ठ मंडळी कधीकधी तेवढेही कष्ट घेत नाहीत.

आता सायटेशनचा उतार. इथे जरा थांबतो, कारण मुद्दा इथे आहे.

१५ डिसेंबर २०१५. सर्नमध्ये वर्षअखेरचं सादरीकरण, अ‍ॅटलास आणि सीएमएस दोघांचंही. मी तेव्हा दुसऱ्या पोस्टडॉकवर होतो. आमचा सगळा गट एका खोलीत पडद्यासमोर. दोन फोटॉन (प्रकाशकण) बाहेर पडणाऱ्या घटनांच्या आलेखात ७५० जीईव्हीच्या (कणांच्या वस्तुमानाचं एकक, प्रोटॉन साधारण एक जीईव्हीचा) आसपास एक उंचवटा, आणि तोही दोन्ही प्रयोगांत. घटना मोजक्याच होत्या, पण दोघांनाही एकाच जागी दिसतंय म्हटल्यावर खोलीत कुजबुज सुरू झाली. सादरीकरण संपायच्या आत फळ्यावर दोन मॉडेलं लिहून झाली होती. त्याच रात्री पहिले पेपर आर्काइव्हवर आले. नाताळची सुट्टी कुणी घेतली नाही. पुढच्या आठ महिन्यांत सुमारे पाचशे पेपर झाले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत जास्तीचा डेटा दाखवला तेव्हा उंचवटा गायब. नुसता सांख्यिकीचा खेळ होता.

त्या पाचशेत दोन मित्रांबरोबर लिहिलेला माझाही एक आहे, आणि माझ्या यादीत तो आजही वरच्या तीनात आहे. त्याच्या आधी मी एका टू-लूप गणितात (दुरुस्त्यांच्या पुढच्या, किचकट पायरीचं गणित) बुडालेलो होतो. त्याला चार पैसे जास्त किंमत आहे असं मला वाटतं, पण त्याची दखल घेणारे बोटांवर मोजण्याइतके. का? कारण पाचशे लोक एकाच वेळी एकाच विषयावर लिहीत असतील तर प्रत्येकाच्या प्रस्तावनेत बाकीच्या सगळ्यांचा हिशेब द्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी ‘आमचं काम राहिलं’ अशी मेल येते. मग वाक्य असं पडतं: ‘या निरीक्षणावर भरपूर काम झालं आहे’ आणि पुढे कंसात ५ ते २०७. त्या २०३ पैकी एखादाच पेपर लिहिणाऱ्याने उघडलेला असतो.

म्हणून तुम्हाला करायचं काम कंटाळवाणं पण सोपं आहे. बाईंच्या पाचसहा पेपरांपैकी प्रत्येकाला सायट करणारे दहाएक पेपर उघडा आणि ते नाव कुठे आलंय तेवढंच बघा. प्रस्तावनेतल्या घोळक्यात आलं असेल तर सोडून द्या. पण मधल्या भागात ‘आम्ही अमुक यांचं सूत्र वापरतो’, ‘आमचं उत्तर अमुक यांच्याशी जुळतं’ किंवा ‘अमुक यांच्याशी जुळत नाही’ असं असेल तर तिथे खूण करा. दुपारभराचं काम आहे, आणि कुठल्याही एच-इंडेक्सपेक्षा जास्त कळेल.

वीस वर्षं झोपलेला पेपर: होतं असं. सगळ्यात गाजलेला नमुना स्टीव्हन वाइनबर्गचा १९६७ चा तीन पानी पेपर, ज्यावर आजचं इलेक्ट्रोवीक (विद्युतचुंबकी आणि क्षीण बलं एकत्र मांडणारं) सगळं उभं आहे. चार वर्षं त्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही. १९७१ मध्ये खेरार्ड ट हूफ्टने असल्या सिद्धांतांत अनंत उत्तरं आवरता येतात हे दाखवलं, तेव्हा सगळे पळत मागे गेले. १९७३ मध्ये सर्नच्या गार्गामेल बबल चेंबरमध्ये न्यूट्रल करंट (या सिद्धांताला हवी असलेली क्षीण बलाची एक प्रक्रिया) दिसला आणि मग विषयच संपला. पेपर तोच होता, त्याच्या आजूबाजूचं जग बदललं. तुमच्या बाईंच्या बाबतीत नक्की काय बदललं ते शोधा. लेखाला तो एक धागा पुरेल.

आणि एका बाईंबद्दल लिहितोच, कारण कारकीर्द कशी वाचावी याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. मेरी गेलार्ड. १९७४ साली त्यांनी आणि बेंजामिन ली यांनी के-मेसॉनच्या दुर्मीळ विघटनांवर पेपर लिहिला. विद्युतभार नसलेले के-मेसॉन दोन प्रकारचे, एक पटकन मोडणारा, एक रेंगाळणारा. त्यांच्या वस्तुमानांत फरक आहे, पण किती? सुमारे एक लाख चाळीस हजार अब्जांत एक भाग. प्रयोगातून हा फरक माहीत होता. १९७० मध्ये ग्लॅशो, इलिओपुलोस आणि मायानी यांनी सांगून ठेवलं होतं की चार्म नावाचा चौथा क्वार्क (प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात तो घटक) असेल तर त्याचा हिस्सा अप क्वार्कच्या हिश्श्याच्या उलट चिन्हाने येतो आणि दोघं एकमेकांना खोडतात. दोघांची वस्तुमानं सारखी असती तर बाकी शून्य. ती सारखी नाहीत, म्हणून थोडं उरतं, आणि जे उरतं ते चार्मच्या वस्तुमानावर ठरतं. गेलार्ड आणि ली यांनी गणित उलटं फिरवलं. उरलेलं एवढं आहे, मग चार्म किती जड? उत्तर आलं साधारण दीड जीईव्ही. तोवर चार्म कुणी पाहिलेला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्लॅक आणि ब्रुकहेवन या दोन्ही अमेरिकी प्रयोगशाळांत ३.१ जीईव्हीचा नवा कण सापडला. चार्म आणि त्याचा प्रतिकण यांची जोडी, म्हणजे दीडाचे दुप्पट. एवढ्याशा फरकातून न पाहिलेल्या वस्तूचं वजन काढलं होतं. मी हे शिकवतो तेव्हा वर्गात दर वेळी कुणीतरी विचारतं, ‘नशीब का?’ नाही. शिल्लक बघून खर्च ओळखला.

पुढे १९७६ मध्ये जॉन एलिस आणि ग्रॅहम रॉस यांच्याबरोबर त्यांनी सांगितलं की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरीत तीन झोत दिसले तर तिसरा ग्लुऑनचा, म्हणजे क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या कणाचा असेल. १९७९ मध्ये हॅम्बर्गच्या पेट्रा यंत्रावर ते तीन झोत दिसले. त्याच १९७६ मध्ये एलिस आणि नानोपुलोस यांच्याबरोबर हिग्ज कणाचं अख्खं व्यक्तिचित्र काढलं. कुठल्या वस्तुमानाला तो कशात मोडेल, दोन फोटॉनमध्ये मोडायची शक्यता किती, सगळं. शेवटी प्रयोगवाल्यांची चक्क माफी मागितली आहे की वस्तुमान आम्हाला सांगता येत नाही, आणि त्यासाठी मोठे शोधप्रयोग करा असं आम्ही म्हणत नाही, फक्त दिसलाच तर कसा दिसेल ते ठाऊक असू द्या. ४ जुलै २०१२ ला तो सापडला त्यात दोन फोटॉनची वाट महत्त्वाची होती.

हे सगळं करताना सर्नमध्ये त्यांच्याकडे पक्की जागा नव्हती. पगार फ्रान्सच्या सीएनआरएस या संशोधनसंस्थेचा, सर्नमध्ये पाहुण्या. १९८० मध्ये सर्नमधल्या वैज्ञानिक स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी अहवाल लिहिला. १९८१ मध्ये बर्कलीला गेल्या, तिथल्या भौतिकशास्त्र विभागात कायम प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्या स्त्री. यातलं काय येतं तुमच्या संपादकांच्या चौकटीत?

जेवायचं राहिलंय. तळातल्या पेपरबद्दल नंतर लिहितो.


सूचीकार

लूपबाहेर यांच्या प्रतिसादाला +१. मी ग्रंथालयातला माणूस आहे, भौतिकशास्त्र मला फार कळत नाही, पण या याद्या रोज हाताळतो. काही व्यवहाराच्या गोष्टी.

इन्स्पायरच्या पानावर सगळ्या नोंदींचा आणि फक्त प्रकाशित नोंदींचा असे दोन रकाने असतात. स्वतःचीच सायटेशन वगळायची सोयही आहे, ती वापरून बघा. आकडा फार घसरला नाही तर उत्तम. घसरला तर लगेच वाईट समजू नका. एखाद्या अवघड गणितावर जगात दोनच गट काम करत असतील तर ते एकमेकांना आणि स्वतःलाच सायट करणार, दुसरं करणार कोण?

नावाचा घोळ तपासा. एकाच आद्याक्षरांची दोन माणसं एका पानावर गोळा झालेली असतात, किंवा लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंची अर्धी यादी दुसऱ्याच पानावर पडलेली असते. विशेषतः जुने पेपर. हे बाईंकडूनच ताडून घ्या, यंत्रावर विसंबू नका.

सायटेशन कुठे हरवतात तेही लक्षात ठेवा. एक जागा म्हणजे नाव पडलं की. फाइनमन डायग्रॅम (कणांच्या प्रक्रियेचं गणितासाठीचं चित्र) काढणारा कुणीही त्यासाठी १९४९ चा पेपर सांगत नाही. दुसरी जागा म्हणजे कोड. टकरींचं सिम्युलेशन करणारा पिथिया नावाचा प्रोग्रॅम आहे, त्याच्या २००६ सालच्या मॅन्युअलला दहा हजारांहून जास्त सायटेशन आहेत. आता त्या प्रोग्रॅमच्या पोटात किती लोकांची सूत्रं आहेत विचारा! प्रोग्रॅम वापरणारा मॅन्युअल सांगतो, सूत्रवाल्यापर्यंत तो पोचतच नाही. तुमच्या बाईंचं काही असं कोडात गेलंय का, हे मॅन्युअलची संदर्भसूची उघडून बघता येईल.


शंकासुर

वाचतोय, छान चाललंय, पण एक कुरकुर. वर दिलेली बहुतेक उदाहरणं गाजलेल्या माणसांची आणि शेवटी जिंकलेल्या पेपरांची. वाइनबर्ग, गेलार्ड, जॉर्जाय. मागे वळून बघितलं की सगळ्यांनाच शहाणपण येतं. चार वर्षं झोपून उठलेला एक पेपर तुम्हाला आठवतो, कायमचे झोपलेले हजारो कोण सांगणार? नोकरीच्या समितीपुढे दोनशे अर्ज येतात. त्यांनी काय प्रत्येकाच्या सायटेशनचं वाक्य उघडून बघायचं? आकडा निदान ओळखीपाळखीवर तर चालत नाही. तो काढून टाकलात तर उरतात शिफारसपत्रं, म्हणजे कुणाचा गाइड मोठा ते.


लूपबाहेर

शंकासुर, तुमचं म्हणणं अर्धं मान्य. मी अशा समितीत बसलोय आणि खोटं कशाला बोलू, आकडा आम्ही बघतो. पहिल्या चाळणीत सगळेच बघतात. पण चाळणीनंतर टेबलावर जो वाद होतो तो आकड्यावर होत नाही. तिथे कुणीतरी म्हणतं, ‘मी हिचं गणित वापरलंय, अमुक जागी मला खटकलं होतं, विचारलं तर दोन दिवसांत चोख उत्तर आलं.’ तेवढ्यावर यादीतला क्रम हलतो. शिफारसपत्रांतही तेच शोधतो. ‘अत्यंत हुशार’ हे सगळ्यांच्याच पत्रात असतं, त्यावर नजर ठरतच नाही. ‘हिच्यामुळे आम्ही आमचं विश्लेषण बदललं’ असं एक वाक्य असलं तर पत्र बाजूला काढलं जातं. आणि हो, पत्रांत वशिला चालतो. मोठ्या गटातल्या पोरांना चांगली पत्रं मिळतात आणि एकट्या गाइडचा हुशार विद्यार्थी मागे पडतो. आकड्यांचा त्यावर थोडा वचक असतो हे खरं. मात्र फॅशनच्या विषयावर काम करणाऱ्या मोठ्या गटाला आकडाही झुकतं मापच देतो, तेव्हा तिथेही फार भाबडं राहू नका.

एच-इंडेक्स काढणारे होर्खे हिर्श स्वतः घनपदार्थांवर काम करणारे भौतिकीतज्ज्ञ. २००५ च्या त्यांच्या पेपरात एडवर्ड विटेन ११० घेऊन सगळ्या भौतिकीतज्ज्ञांच्या वर होते. आकडा तिथे बरोबर माणसावर बोट ठेवतो, मान्य. पण पीटर हिग्जकडे बघा. १९६४ नंतर त्यांनी दहाही पेपर लिहिले नाहीत. आजच्या व्यवस्थेत मला कुणी ठेवून घेतलं नसतं, असं २०१३ मध्ये त्यांनी स्वतः सांगितलं होतं. एकाच मोजपट्टीवर विटेन बसतात आणि हिग्ज बसत नाहीत, म्हणजे पट्टी उत्पादन मोजते. उत्पादन मोजायचं असेल तर खुशाल वापरा.

कायमचे झोपलेले पेपर असणारच. माझेच आहेत की.

जोडाक्षर ताई, आता तुमचा तळातला पेपर. ‘तो बरोबर आहे’ हे वाक्य लेखात घ्याच. बाहेरच्याला ते विनम्र वाटेल, आमच्यात ते तसं नाही. कॉर्नेलचे तोइचिरो किनोशिता आयुष्याचा मोठा भाग इलेक्ट्रॉन आणि म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) चुंबकीय आघूर्णाचा आकडा काढत बसले. १९४८ मध्ये श्विंगरने पहिली दुरुस्ती काढली तेव्हा एक डायग्रॅम होता. किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दहाव्या घातापर्यंत मजल मारली तेव्हा डायग्रॅम होते १२,६७२. पण मला सांगायचंय ते वेगळं. नव्वदच्या दशकात म्युऑनच्या हिशेबातला एक तुकडा, फोटॉनने फोटॉनला धक्का देण्याचा, दोन स्वतंत्र गटांनी काढला होता. एका गटात किनोशिता होते. दोन्ही गटांची चिन्हं जुळत होती, म्हणून सगळे निर्धास्त. २००१ च्या सुरुवातीला ब्रुकहेवनच्या प्रयोगाने आकडा जाहीर केला तेव्हा सिद्धांताशी २.६ सिग्माचा (सिग्मा म्हणजे अनिश्चिततेचं माप) फरक होता आणि नवं भौतिकशास्त्र सापडल्याचे पेपर धडाधड यायला लागले. त्याच वर्षाच्या शेवटी मार्क क्नेख्ट आणि अँड्रियास निफेलर यांनी त्या तुकड्यातला मुख्य भाग पुन्हा काढला, तर चिन्ह उलटं! किनोशिता आणि हायाकावा यांनी आपलं गणित परत तपासलं आणि हो, आमचंच चिन्ह उलटं होतं असं जाहीर छापलं. फरक १.६ सिग्मावर आला. एका उणे चिन्हाने निम्मी हवा गेली.

असल्या धंद्यात ज्याचं उत्तर वीस वर्षांनी कुणी वेगळ्या पद्धतीने काढलं आणि शेवटच्या अंकापर्यंत जुळलं, त्याला ‘तो बरोबर आहे’ म्हणायचा अधिकार असतो. ते जुळवून बघणारे फार तर पाचसहा लोक असतात, म्हणून पेपर तळाला.


जोडाक्षर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस गायब होते कारण सांगितलेलं सगळं करत बसले.

वरचा दोन नंबरचा पेपर बहुतेक ठिकाणी प्रस्तावनेतच निघाला, लांबलचक कंसांत. रिव्ह्यूचं मात्र उलट, लोक त्यातली सूत्रं क्रमांक देऊन वापरतायत. ऐंशीच्या दशकातल्या छोट्या पेपरला सायट करणारे उघडले तर जवळजवळ सगळे एलएचसी सुरू झाल्यानंतरचे. दोन ग्लुऑनमधून काहीतरी तयार होण्याचं गणित आहे म्हणे, बाकी मला झेपलं नाही. एलएचसीवर ग्लुऑनच्याच टकरी जास्त होतात असं वाचलं, तोच संबंध का? स्वतःची सायटेशन काढली तर आकडा फारसा हलला नाही. आणि सूचीकार, तुमची शंका खरी निघाली. त्यांचे पहिले चार पेपर माहेरच्या आडनावाने वेगळ्याच पानावर होते!

तळातल्या पेपराबद्दल त्यांना पुन्हा फोन केला. हायाकावा-किनोशिता यांचं नाव काढलं तर पाऊण तास बोलल्या. बाईंनी एका दुसऱ्याच गटाच्या प्रकाशित निकालात दोनचा गुणक चुकल्याचं दाखवलं होतं. त्या गटाने उत्तर दिलं नाही, पण पुढच्या आवृत्तीत आकडा गुपचूप बदलला. हे छापू नका म्हणाल्या, म्हणून गटाचं नाव लेखात नाही. विद्यार्थ्यांबद्दल विचारलं तर प्रत्येकाने कुठलं गणित कुठे अडवून ठेवलं होतं ते त्यांना आठवत होतं.

संपादकांची चौकट ठेवावीच लागणार. एच-इंडेक्सऐवजी ‘त्यांचे तीन पेपर आणि ते कुणी कशासाठी वापरले’ असं देऊ का?


लूपबाहेर

द्या. तीनच द्या, चौथा घुसवू नका.

एलएचसीचा संबंध तोच. प्रोटॉनची ऊर्जा जितकी जास्त तितके त्यातले कमी वाट्याचे ग्लुऑन कामाला येतात, आणि तिथे त्यांची गर्दी असते. एलएचसीवर हिग्जही बहुतांशी दोन ग्लुऑनमधूनच तयार होतो. ऐंशीच्या दशकात हे गणित करणाऱ्याला वापरायला यंत्रच नव्हतं. पेपर क्रमांक मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, सूत्र कुठे वापरलंय ते बघून दोन ओळी लिहून देतो.

आणि दोनच्या गुणकाची गोष्ट ऐकून सुख वाटलं.


शंकासुर

तीन पेपर कुणी निवडले तेही चौकटीत लिहा. बाईंनी, तुम्ही की लूपबाहेर यांनी.


सूचीकार

जोडाक्षर, माहेरच्या नावाचं पान मूळ पानाला जोडायची विनंती इन्स्पायरकडे खुद्द बाईंनी केली तर काम लवकर होईल. आर्काइव्ह सुरू होण्याआधीचे प्रीप्रिंट (छापण्याआधीच्या प्रती) लागले तर जपानच्या केईके प्रयोगशाळेच्या ग्रंथालयाने असे बरेच कागद स्कॅन करून ठेवलेत, इन्स्पायरच्या नोंदीखालीच दुवा दिसतो. छापील जर्नलच्या प्रतीपेक्षा ते बघा. रेफरीने कापायला लावलेला मजकूर कधीकधी त्यात शाबूत असतो.